दोघं येतो

कौसानं आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे आम्ही एका शब्दावरून भांडलो.

संध्याकाळ होती. आमच्या मुकुंदवाडीतल्या गल्लीला त्या दिवशी पाणी आलं होतं. पिंपं, घागरी, सगळं भरून झालं होतं. ओल्या अंगणात खाट टाकून माझी बायको कौसा बसली होती, नाकावर चष्मा आणि हातात फोन. शेजारी प्राची. प्राची म्हणजे वरच्या खोलीतली आमची भाडेकरू. एका कंपनीत फोनवरच्या जाहिराती बघायचं काम करते. मी पायरीवर बसून ब्रशाला नवा दांडा ठोकत होतो.

आमचा धंदा पाण्याच्या टाक्या धुवायचा. शहरात कुणी फोनवर टाकी धुणारा शोधला की वरच्या बाजूला आमची दोन ओळींची जाहिरात दिसते. तिला बोट लावलं की आमच्या खात्यातून थोडे पैसे कटतात, मग तो माणूस फोन करो नाहीतर न करो. जाहिरातीत बरीच वर्षं एक ओळ होती, 'टाकी धुवायला नवरा-बायको दोघं येतो.' त्या संध्याकाळी तिच्या जोडीला दुसरी लावायची होती. मी म्हटलं, लिहा, अनुभवी माणूस येतो.

कौसा म्हणाली, "अनुभवी कामून? अनुभवी तर मी बी हाय. एक माणूस येतो, आसं लिव. दोन्हीत फरक एकच पायजे. दोघं का एक."

मी म्हटलं, एक माणूस येतो म्हणजे चोर आल्यासारखं वाटतं. ती हसायला लागली आणि हसता हसता तिचा दम संपला. खाटेचा माचवा धरून ती थोडा वेळ तशीच बसली. प्राचीनं पाणी दिलं.

सगळी गोष्ट त्या दमाचीच होती. पावसाळ्यापासून तिला जिने चढवत नव्हते. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, गच्च्या बंद करा. मी म्हणत होतो, ती ओळ काढून टाक, घरी बस, मी एकटा जातो. ती म्हणायची, त्या ओळीमुळं फोन येतात, ओळ काढली तर तुम्ही बी घरी बसाल. शेवटी तिच्या रीतीनं ठरलं. दोन्ही जाहिराती शेजारी शेजारी चालवायच्या. अर्ध्या लोकांना दोघांची दिसेल, अर्ध्यांना एकाची. एका माणसाच्या जाहिरातीलाही तेवढेच फोन आले तर कौसा घरी बसणार. कमी आले तर ती जिने चढणार, आणि मग मी तोंड उघडायचं नाही. मी मनातून एका माणसाच्या बाजूला होतो. ती दोघांच्या. तिला घरी बसायची लई भीती होती. म्हणायची, बसलेलं माणूस लवकर सडतं, साचल्या पाण्यावानी.

प्राचीनं दोन्ही चालू केल्या. आम्ही चहा प्यालो. एवढंच.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. प्राची म्हणाली, काका, काकूंबद्दल आठवंल तसं लिहा, म्हणून लिहितोय. चुकलं तर चुकलं.

कौसा पिशोरजवळच्या एका वस्तीवरची. सातवी झालेली. बुटकी, काळी, कपाळाला मोठं कुंकू, आणि आवाज असा की वावराच्या ह्या टोकावरून त्या टोकाला जाईल. तिचा बाप पेरणीला एक खोड करायचा. नवीन बियाणं आलं की सगळं रान त्याला द्यायचं नाही. एकाच वावरात मधे दोरी धरायची. दोरीच्या इकडं जुनं बी, तिकडं नवं. खत तेच, पाणी तेच, माणूस तोच. मग दिवाळीला जाऊन बघायचं. गावातले लोक त्याला नादिष्ट म्हणायचे. कौसा म्हणायची, बाप नादिष्ट नव्हता, बापाला घाई नव्हती.

ती रीत तिनं सासरी आणली. माझी आई जिवंत होती तेव्हा आमटीवरून रोज कटकट व्हायची. आज तिखट झाली, आज पाणचट झाली. कौसानं वाद घातला नाही. एका दिवशी फक्त मीठ कमी केलं. दोन दिवसांनी मीठ पहिल्यासारखं केलं आणि फक्त येसराचा मसाला वाढवला. असं करत करत एक दिवस आई काही न बोलता दुसऱ्यांदा वाटी पुढं करती झाली. कौसा मला म्हणाली, मीठ आणि तिखट एकदम बदललं आसतं तर चव कुणी बिघडवली व्हती ते कसं कळालं आसतं? तेव्हा मी लक्ष दिलं नाही. बायकांच्या गोष्टी म्हणून सोडून दिलं.

मलाही तिनं सोडलं नाही. साखरेचा आजार निघाला तेव्हा मी चहा सोडायला तयार नव्हतो. तिनं गुपचूप साखर थोडी थोडी कमी केली आणि मला रोज विचारायची, चहा कसा झाला? मी म्हणायचो, बरा झाला. एक दिवस पाहुण्यानं माझा कप चुकून उचलला आणि तोंड वाकडं केलं. ह्याच्यात साखरच नाही, म्हणाला. कौसा चुलीपुढून म्हणाली, "त्यांना विचारा, त्यांना गोड लागतोय."

चिकलठाण्याची कंपनी बंद पडल्यावर मी टाक्या धुवायला लागलो. आधी ओळखीनं कामं मिळायची. मग शहर सातारा परिसराकडं, बीड बायपासकडं पसरत गेलं. नव्या कॉलन्यांत आम्हाला कोण ओळखतंय? प्राची नुकतीच राहायला आली होती. तिनं पहिली जाहिरात बनवून दिली. तिच्यात लई मोठे शब्द होते. दर्जेदार, आधुनिक, समाधानाची हमी. लोक बोट लावायचे, पैसे कटायचे, फोन मात्र येईना. मी म्हटलं, बंद करा हे थेर.

कौसानं प्राचीला विचारलं, दोन जाहिराती एकदम लावता येत्यात का? अर्ध्या लोकांना ही, अर्ध्यांना ती? प्राची म्हणाली, येतात की, आमच्या ऑफिसात तेच तर करतात. कौसाला इतका आनंद झाला की तिनं प्राचीला त्या दिवशी जेवायलाच घातलं. दोरी सापडली होती तिला.

मग ती विचार करत बसली, की लोक फोन का करत नाहीत. तिला कळलं ते तिच्या स्वतःच्या घरावरून. आपल्या शहरात पाणी रोज येत नाही. भरलेली टाकी धुवायची म्हणजे त्यातलं पाणी ओतायचं. असं कोण करील? आम्ही स्वतः आमची टाकी कधी धुवायचो, तर पाणी यायच्या आदल्या दिवशी, जेव्हा तळाशी वीतभर उरलेलं असतं. तिनं सांगितलं तसं प्राचीनं लिहिलं. 'तुमच्याकडे पाणी येण्याच्या आदल्या दिवशी टाकी धुऊन देतो.' बाकी सगळं जुनंच. मी म्हटलं, एवढी लांब ओळ कोण वाचतो. लोकांनी वाचली. फोन यायला लागले. फोन उचलला की कौसा आधी नाव विचारायची नाही, पत्ता विचारायची नाही. आधी विचारायची, तुमच्याकडं पाणी कवा येतं?

एकदा मात्र सगळा घोळ झाला, आणि तो आमच्याच लोकांनी घातला. कौसाच्या मनात आलं की जाहिरातीत तिचं नाव टाकून बघावं. एकीत नुसता धंदा, दुसरीत 'कौसाबाई यांची टाकी सफाई'. दोन दिवसांत नावाच्या जाहिरातीला बोटांचा पाऊस पडला. कौसा फुगली. मला म्हणाली, बघा, नाव लागतं. पण फोन काही वाढेनात. पैसे मात्र भराभर संपले. प्राचीनं खोलात जाऊन पाहिलं तर सगळी बोटं कन्नड तालुक्यातली, म्हणजे कौसाच्या माहेरची. जाहिरात शहरापुरती ठेवायची राहून गेली होती. कौसाचा भाऊ पिशोरच्या बाजारात बसून येईल त्याला बहिणीचं नाव दाखवत होता. ह्यानं शोधायचं, ह्यानं बोट लावायचं, ह्यानं म्हणायचं, आमची कौसी फोनात आली. भाच्या, भावजया, किराणा दुकानदार, सगळ्यांनी कौतुकानं बोटं लावली. प्रत्येक कौतुकाला आमचे पैसे कटत होते.

कौसानं भावाला फोन केला. ती काय काय बोलली ते सगळं लिहिता येणार नाही. शेवटी एवढं म्हणाली, "दादा, कौतुक मनात ठेव. बोट लावू नको." भाऊ रुसला. राखीला आला तोही फोन घरी ठेवून आला, म्हणाला, चुकून बोट लागलं तर तू जेवू द्यायची नाहीस.

त्याच्यानंतर तिनं बोटं मोजायचं सोडलं आणि फोन मोजायला लागली. फोन करणाऱ्याला ती शेवटी विचारायची, काय वाचून फोन केला? लोकांना वाटायचं म्हातारी गप्पा मारतेय. लोक सांगायचे. कुणी तर वाचूनही दाखवायचे.

हरायचीही ती. तिनं स्वतः एक ओळ जुळवली होती, 'स्वच्छ टाकी, मग काय बाकी.' तिला ती लई आवडली होती. आल्यागेल्याला ऐकवायची. दुसऱ्या ओळीशेजारी लावली तर कुणी फिरकलं नाही. मी म्हटलं, राहू दे तुझी ओळ, लोकांना अक्कल नाही. ती म्हणाली, "माझ्या मनाला काय इचारायचं, ज्यांच्या टाक्या हायेत त्यांना इचारलं ना आपण." ओळ काढली. पुढं कितीतरी दिवस भाकरी थापताना ती तीच ओळ गुणगुणायची. पण जाहिरातीत परत आणली नाही.

आता दोघांच्या ओळीचं सांगतो.

दुपारी घरात बायकाच असतात. माणसं कामावर. फोनवर सगळं ठरायचं, पाण्याचा दिवस, वेळ, आणि मग बाई विचारायची, कोण येणार? कौसा म्हणायची, माझे मालक येतील. तिकडून बाई जरा थांबायची. म्हणायची, यांना विचारून सांगते. बहुतेक जणी परत फोन करायच्या नाहीत. त्या थांबण्याचा अर्थ मला कधी कळला नसता. कौसाला पहिल्या दिवशीच कळला. अनोळखी बाप्या घरातून गच्चीवर जाणार, बाई एकटी, पोरगं झोपलेलं. मी लाख भला असेन, तिला काय ठाऊक?

तिनं दोन जाहिराती लावल्या. एकीत कोण येणार त्याबद्दल काहीच नाही. दुसरीत, 'नवरा-बायको दोघं येतो.' दुसरी अशी चालली की फोन ठेवायला फुरसत मिळेना.

मला वाटलं, झालं काम. पहिल्या बुकिंगला मी स्कूटर काढली तर ही दारात उभी. साडी वर खोचलेली, पायात माझे जुने कॅनव्हासचे बूट, हातात बादली.

मी म्हटलं, "तू कुठं?"

"दोघं येतो म्हून लिवलंय ना?"

"ते लिहायचं असतं. कोण बघायला बसलंय?"

"ज्या बाईनं वाचून फोन केला ती बघायला बसली हाय. सरका जरा पुढं."

तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात आम्ही दिवसा बरोबर कधी नव्हतो. मी कंपनीत, ती घरात. सिनेमा नाही, फिरणं नाही. लग्नाच्या वरातीनंतर एका गाडीवर बसून आम्ही कुठं गेलो असू तर दवाखान्यात. आणि म्हातारपणी, एका जाहिरातीनं, रोज सकाळी ती माझ्या मागं बसायला लागली. गारखेडा, उल्कानगरी, बायपासच्या पलीकडं. सगळं शहर मी तिच्याबरोबर पाहिलं, आणि तेही वरून, गच्चीवरून. एकीकडं डोंगर, एकीकडं लेणीची टेकडी, आणि मधे काळ्या-पांढऱ्या टाक्याच टाक्या. ती म्हणायची, बाई, किती काम पडलंय.

मी टाकीत उतरायचो. ती झाकणाशी बसायची. आतमधे औषधाच्या वासानं कधी कधी भोवळ येते, म्हणून ती थोड्या थोड्या वेळानं बाहेरून टाकीवर बोटानं टकटक करायची. मी आतून करायचो. माझी टकटक यायला उशीर झाला की झाकणातून तिचं डोकं आत यायचं. टाकीत माणसाचा आवाज लई मोठा होतो. ती ओरडायची, "आवं, हायेत का?" आणि ते माझ्या चारी बाजूंनी घुमायचं. मी म्हणायचो, आहे, ओरडू नकोस, कान फुटतील. ती म्हणायची, कान फुटले तरी चालतील.

काम झालं की टाकीच्या सावलीत भाकरी खायची. घरची बाई वर यायची, कधी लोणचं आणायची, कधी नुसती बसायची. कौसापाशी बायका भडाभडा बोलायच्या. एका बाईची टाकी आम्ही वर्षभरात इतक्या वेळा धुतली की शेवटी तळ आरशासारखा झाला. मी म्हटलं, हिला टाकी धुवायची गरज नाही. कौसा म्हणाली, "तिला टाकी नाय धुवायची. तिला दोघं पायजेत." त्या बाईचा नवरा बाहेरदेशी होता. आम्ही जायचो, मी उगीच ब्रश फिरवायचो, आणि खाली स्वयंपाकघरात त्या दोघींचं हसणं चालू असायचं.

मग तिला धाप लागायला लागली. आधी तिसऱ्या मजल्यावर, मग दुसऱ्या. ती जिन्यात मधेच थांबून भिंतीवरचे फोटो बघायची, जणू त्यासाठीच थांबलीय. मी म्हणायचो, खाली बस, घरातल्या बाईला तू दिसलीस म्हणजे झालं. ती म्हणायची, आणि टाकी कोण वाजवणार? पुण्याहून आमची पोरगी, संगीता, फोन करून करून दमली. आई, आता पुरे, माझ्याकडं या. कौसा तिला म्हणायची, तुझ्याकडं पाणी रोज येतंय, तिथं आमचं काय काम?

मी शेवटी चिडलो. म्हटलं, ती ओळ काढतेस का मी स्कूटर विकू? तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "काढू. पण बघून काढू. न बघता काढली तर जन्मभर वाटत राहील, चाललं असतं म्हून." आणि त्या संध्याकाळी प्राचीला बोलावलं. ते वर सांगितलंच.

चहा झाल्यावर प्राची वर गेली. कौसानं पिठलं केलं. जेवताना मला म्हणाली, तुम्ही एकाच्या बाजूनं हायेत, मला माहीत हाय. मी म्हटलं, व्हय. ती म्हणाली, मग बघा हरताय कसे. तिनं फोन उशाखाली ठेवला, नेहमी ठेवायची तसा, आणि पाठ करून झोपली.

सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली. हात लावला तेव्हा कळलं. त्याच्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

मी तिच्याजवळ बसलो होतो. किती वेळ ते माहीत नाही. उजाडलं होतं, बाहेर दूधवाला हॉर्न वाजवून गेला. आणि तिच्या उशाखाली फोन वाजायला लागला. वाजून थांबला, परत वाजला. ती असती तर दुसऱ्या रिंगच्या आत उचलला असता. मी उशाखालून काढला, तिचं डोकं हलू न देता.

सातारा परिसरातली बाई होती. भराभर बोलत होती. उद्या आमच्याकडं पाणी आहे, आज टाकी धुऊन मिळेल का, सकाळी आलात तर बरं. तिनं विचारलं, "जाहिरातीत वाचलं, तुम्ही दोघं येता ना?"

मी म्हटलं, थांबा, थोड्या वेळानं सांगतो. फोन ठेवला आणि जिना चढून वर गेलो. प्राचीचं दार वाजवलं. ती केस विंचरत बाहेर आली.

म्हटलं, "ती दोघांची बंद कर."

"कालच तर चालू केली, काका. एका रात्रीत काय कळतंय? काकू रागावतील मला."

"नाय रागावणार."

तिनं माझ्याकडं पाहिलं. कंगवा केसांत तसाच होता. आत जाऊन फोन आणला, माझ्यासमोर काहीतरी दाबलं, म्हणाली, झाली बंद. आणि मग चप्पल न घालता खाली धावत गेली. खालून तिचा आवाज ऐकू आला. मी खाली गेलो नाही. तिथंच वरच्या पायरीवर बसलो आणि त्या बाईला फोन लावला.

म्हटलं, "ताई, जाहिरातीत तुम्ही दोघं वाचलं. ते आता खरं नाही. दहा-बारा दिवस तर मी येऊच शकत नाय. त्याच्यानंतर येईन, पण एकटा येईन. चालत नसंल तर दुसरा माणूस बघा."

बाई जरा थांबली. तसलंच थांबणं. मग तिनं हळू विचारलं, घरी सगळं बरं आहे ना?

मी तिला सांगितलं. माझ्या तोंडून ते पहिल्यांदा निघालं ते त्या अनोळखी बाईपाशी. पुण्याला पोरीला त्यानंतर फोन केला.